कृष्णाकाठाने एकट्याने सायकल आणि तंबू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईपासून खिद्रापूरपर्यंत कृष्णेच्या काठाकाठाने एकट्याने सायकलवर जायचं आणि रात्री तंबूत मुक्काम करायचा, असं ठरवणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं फिरून एकाच नियमापाशी येतात : दिवसा नदीच्या जवळून जा, रात्री नदीपासून लांब आणि उंचावर झोपा. घाईत असाल तर तंबूचा, मगरीचा आणि धरणाच्या पाण्याचा, एवढे तीन प्रश्न तरी वाचाच.

मार्ग कसा आहे? किती दिवस लागतात?

महाराष्ट्रात कृष्णेची लांबी २८२ किलोमीटर. त्यातला सायकलला सोयीचा भाग वाईच्या खाली सुरू होतो. वाई, भुईंज, लिंब, संगम माहुली हा पहिला टप्पा. माहुलीला वेण्णा येऊन मिळते. तिथून पूर्वेच्या अंगाने धामणेर, रहिमतपूर, तारगाव, मसूर करत कराडला उतरायचं. कराडनंतर रेठरे, बहे, वाळवा, अंकलखोप, औदुंबर, भिलवडी आणि सांगली. पुढे अंकली, जयसिंगपूर, शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि शेवटी खिद्रापूर.

आडवाटा धरून हा प्रवास साधारण २३० ते २५० किलोमीटर होतो. सामान लादलेल्या सायकलचा खेड्यातल्या रस्त्यावरचा सरासरी वेग ताशी १३-१४ किलोमीटरच्या वर जात नाही. त्यामुळे रोज ५० किलोमीटर धरा आणि पाच दिवस ठेवा. चार दिवसांत होतं, पण मग घाट, देवळं, संगम बघायचं राहून जातं आणि मुक्कामाला अंधारात पोचावं लागतं. एकटा माणूस अंधारात जागा शोधू लागला की निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

पुणे-बंगळूर महामार्ग जागोजागी आडवा येतो. तो ओलांडायचा, त्यावरून जायचं नाही. भुईंजजवळ थोडं अंतर सेवारस्त्याने काढावं लागतं, तेवढं चालतं.

उगमापासूनच निघालो तर?

जरूर निघा. क्षेत्र महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर बघून पाचगणीमार्गे पसरणीचा घाट उतरायचा. घाटात ब्रेक सतत दाबून धरू नका. रिमब्रेक (चाकाच्या कडेला घासणारे ब्रेक) असतील तर रिम तापते, ट्यूबमधली हवा फुगते, आणि व्हॉल्व्हपाशी कमकुवत झालेली ट्यूब तिथेच फुटते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग कमी करा, मग सोडून द्या. दोन-तीन किलोमीटरवर थांबून रिमजवळ हात नेऊन बघा. धग जाणवली तर दहा मिनिटं थांबा. वाईत पोचल्यावर धोमच्या दिशेने तीन किलोमीटरवर मेणवली आहे. नाना फडणवीसांचा वाडा, घाट आणि वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा बघायला ही वाट वाकडी करावी.

कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबरचा पहिला आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. दिवाळीच्या सुमारास शेतातली ओल गेलेली नसते. मार्चपासून दुपारी ऊन भाजून काढतं. पावसाळ्यात हा विचारही नको. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी मानतात. २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी ४५ फुटांच्या कितीतरी वर गेलं होतं. काठच्या गावांत भिंतींवर पुराच्या खुणा रंगवलेल्या दिसतात. त्यांच्याखाली एकदा उभं राहून बघा, म्हणजे आपण कुठल्या नदीच्या काठी आहोत हे कळतं.

जानेवारीत वाईच्या बाजूला पहाटे तापमान १० अंशांच्या आसपास उतरतं. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो, म्हणून चारला पेडल मारणं थांबवून जागेची चौकशी सुरू करायची.

सायकल कोणती? सामान किती?

गिअरची हायब्रिड किंवा पुढे सस्पेन्शन असलेली साधी एमटीबी (माउंटन बाइक) पुरते. महाग सायकलची गरज नाही, रुंद टायरची आहे. ३८ ते ४५ मिलिमीटरचा टायर घ्या. ४० मिलिमीटरच्या टायरला सामानासकट पुढे ४५ आणि मागे ५५ पीएसआय हवा ठेवा. पाणंदीत शिरताना दोन्हीकडची पाच-पाच पीएसआय कमी केली तर हातांना हादरे कमी बसतात.

पाणी सोडून सामान १२ ते १४ किलोच्या आत ठेवा. सगळं मागच्या कॅरिअरवर लादलं तर चढाला पुढचं चाक हलकं पडतं आणि मागच्या चाकाचे स्पोक तुटतात. तुटतात ते बहुतेक वेळा फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांच्या बाजूचे, कारण त्या बाजूला ताण जास्त असतो आणि कोन कमी. निघायच्या आधी मिस्त्रीकडून चाक ट्रू, म्हणजे डगमग काढून सरळ करून घ्या. त्याच मापाचे चार स्पोक फ्रेमच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ठेवा.

वाटेत सगळ्यात जास्त वेळा दगा देतो तो कॅरिअरचा स्क्रू. पाच मिलिमीटरचा हा स्क्रू हादऱ्यांनी हळूहळू सैल होतो, पिशवीच्या आड असल्याने दिसत नाही, आणि एका खड्ड्यात कॅरिअर मागच्या चाकावर बसतं. रोज सकाळी चारही स्क्रू ॲलन कीने आवळा. चार जादा स्क्रू आणि दहा केबल टाय जवळ असू द्या.

पंक्चर किती होतात?

तयारी नसेल तर दिवसाला दोन-तीनही होतात. दोन गुन्हेगार आहेत, बाभळीचा काटा आणि सराटा. बांधावरच्या बाभळी छाटल्या की फांद्या वाटेकडेला टाकतात. तो वाळलेला, दोन इंची पांढरा काटा टायरमधून सरळ आत जातो. सराटा बारीक असतो, पण एका वेळी पाच-सहा लागतात.

दर ट्यूबमध्ये ६० ते ८० मिली सीलंट भरून घ्या. बारीक छिद्रं आपोआप बुजतात. काटा दिसला तरी सीलंट असलेल्या चाकातून तो लगेच उपटू नका. हवा जात नसेल तर मुक्कामावर पोचून काढा, काढल्यावर चाक फिरवून छिद्र खाली आणा, म्हणजे सीलंट तिथे जमतं. सीलंट नसेल तर ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवा. बोट फिरवलंत तर बोटात काटा जाईल, आणि काहीच फिरवलं नाहीत तर आत राहिलेलं टोक नवी ट्यूबही फोडेल.

दोन जादा ट्यूब, ठिगळं, सोल्युशन, तीन टायर लिव्हर, पंप आणि तुटलेली चेन जोडायची एक क्विक लिंक हवीच. खेड्यातल्या सायकल दुकानात २६ इंची ट्यूब मिळते. ७००सीची (हायब्रिडच्या मोठ्या चाकाची) ट्यूब सातारा, कराड, सांगली सोडून मिळेल असं धरू नका.

पाऊस नसतानाही चिखल लागतो म्हणतात, तो कशाने?

उसाला पाणी पाजल्याने. पाट फुटला किंवा सरी भरून वाहिली की पाणी पाणंदीत उतरतं आणि जानेवारीतही शंभर पावलं चिखल होतो. काळी माती टायरला नुसती लागत नाही, तिचे थर चढतात. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये ती ठासली की चाक जागेवर थांबतं. पेडलवर जोर दिला तर डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग) वाकतो. उतरा, काठीने माती उकरा आणि शक्य असेल तर सायकल उचलून कडेच्या गवतावरून न्या. या प्रवासात मडगार्ड काढून ठेवलेले बरे. पुढची वाट विचारताना ‘रस्ता चांगला आहे का’ असं विचारू नका, ‘पाणी सोडलंय का’ असं विचारा. नेमकं उत्तर मिळतं.

ऊसवाहतुकीतून सायकल कशी न्यायची?

या मोसमात कृष्णाकाठी गळीत हंगाम जोरात असतो. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि स्पीकर मोठ्याने चालू असतो. तुमची घंटी चालकाला ऐकू जाणार नाही. मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते, त्यामुळे वळणावर ट्रॅक्टरच्या आतल्या बाजूला कधीही राहायचं नाही. मागून आवाज आला की रस्ता सोडून थांबा, दोन्ही ट्रॉल्या जाऊ द्या. चढावर त्यांना ओलांडायचा मोह आवरा, कारण मोळी सुटली तर ती मागे आणि कडेला पडते. रस्त्यावर पडलेली उसाची कांडकी आडवी असली तर चाक त्यावरून सटकतं.

अंधार पडल्यावर या रस्त्यांवर सायकल चालवूच नये. कित्येक ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो.

तंबू कुठे लावायचा?

जागेची पसंती या क्रमाने ठेवा : देवळाचं आवार किंवा धर्मशाळा, शाळेचं पटांगण, मळ्यातल्या वस्तीचं अंगण. रानात एकट्याने, कुणाला न सांगता तंबू ठोकणं या खोऱ्यात शहाणपणाचं नाही. मोकळी दिसणारी जमीनसुद्धा कुणाच्या तरी मालकीची असते. रात्री अनोळखी उजेड दिसला की मोटारचोर किंवा केबलचोर समजून लोक काठ्या घेऊन येतात. यात त्यांची चूक नाही. विहिरीवरच्या मोटारी आणि तांब्याची केबल खरोखर चोरीला जातात.

देवळात गुरवाला किंवा पुजाऱ्याला विचारा, शाळेसाठी सरपंचांना. कुठेही राहिलात तरी गावच्या पोलीस पाटलांना नाव, गाव आणि किती वाजता निघणार ते सांगून ठेवा, आधारकार्ड दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण रात्री कुणी चौकशीला आलं तर ‘पाटलांना सांगितलंय’ हे दोन शब्द पुरतात. विचारताना ‘काका, रात्रीपुरता इथं तंबू लावू का? सकाळी सातला निघतो’ इतकं सरळ बोला. बहुतेक ठिकाणी जागेबरोबर चहा येतो, आणि तंबू कशाला, आत झोपा, असा आग्रहही होतो.

शेतात जागा मिळाली तर मालकाला एक प्रश्न विचाराच : ‘रात्रीची लाईट आहे का?’ शेतीपंपांना वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असेल तर मध्यरात्री मोटार चालू होते. पाट भरून वाहिला की तंबूच्या तळाखालून गार पाणी सरकतं आणि ते कळेपर्यंत स्लीपिंग बॅग भिजलेली असते. पाटाच्या वरच्या अंगाला, बांधापेक्षा उंच जागा बघा.

तोडणी झालेल्या फडाजवळही तंबू नको. राहिलेलं पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवून देतात, बऱ्याचदा संध्याकाळी वारा पडल्यावर. नायलॉनच्या तंबूला ठिणगी लागायचा अवकाश, क्षणात भोक पडतं.

औदुंबर आणि नृसिंहवाडी या दोन्ही दत्तस्थानी राहायची सोय होते. तिथे तंबू विसरून जा, अंघोळ करा आणि कपडे धुऊन वाळवून घ्या.

नदीत खरंच मगरी आहेत का?

आहेत. कराडच्या खाली, विशेषतः वाळवा, पलूस आणि मिरज तालुक्यांतल्या पात्रात. बहे, औदुंबर, भिलवडी, डिग्रज आणि थेट सांगलीपर्यंत मगरी दिसतात. माणसांवर हल्लेही झाले आहेत. थंडीत ती अंग तापवायला सकाळी काठावर येते, म्हणजे तुमचा मोसम आणि तिचा काठावर यायचा मोसम एकच. चिखलाच्या उतारावर गुळगुळीत घसरण आणि दोन्ही बाजूंना पंजांचे ठसे दिसले तर ती तिची जागा समजा.

पाण्यापासून निदान शंभर मीटर लांब आणि चांगल्या उंचीवर झोपा. बांधलेल्या घाटाखेरीज कुठेही पाण्यात उतरू नका. घाटावरसुद्धा गावकरी अंघोळ करत असतील तेव्हाच आणि तेवढ्याच पायरीपर्यंत. भांडी नदीत घासू नका, खरकटं पाण्यात टाकू नका. वाकून बाटली भरणं हे त्यातलं सगळ्यात धोक्याचं, कारण तोंड पाण्याकडे, लक्ष बाटलीकडे आणि हालचाल अगदी जनावर पाणी पिताना होते तशी.

पाऊस नसताना नदीचं पाणी कसं वाढेल?

वर धरणं आहेत. कृष्णेवर धोम, कोयनेवर कोयना धरण. उन्हाळी-हिवाळी पिकांसाठी त्यांतून ठरावीक काळाने पाणी, म्हणजे आवर्तन, सोडतात. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक पाणी सोडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ते पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत येतं. आकाश निरभ्र असतं, आणि संध्याकाळी कोरडी दिसलेली वाळू पहाटे पाण्याखाली जाते. पात्रातलं वाळूचं बेट किंवा दगडी खडक तंबूला कितीही मोहक दिसला तरी तिथे झोपायचं नाही. वाळलेलं गवत आणि प्लॅस्टिक झुडपांत ज्या उंचीला अडकलेलं दिसतं तिथवर पाणी येऊन गेलेलं आहे, हे ध्यानात ठेवा.

बंधाऱ्यावरून पलीकडे जाता येतं का?

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून जाता येतं आणि त्यामुळे दहा-बारा किलोमीटरचा वळसा वाचतो. पण उतरून, सायकल ढकलत. वरचा स्लॅब अरुंद असतो आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो. पिशव्यांसकट सायकलची रुंदी पाऊण मीटर होते. समोरून दुचाकी आली तर मागे सरकायला जागा नसते, म्हणून पलीकडचं टोक रिकामं दिसल्यावरच पाऊल टाका. पावसाळ्यानंतर लोखंडी बरगे (काढता-घालता येणाऱ्या फळ्या) घालून पाणी अडवलेलं असतं. त्यामुळे वरच्या बाजूला खोल, संथ डोह आणि खालच्या बाजूला शेवाळलेले दगड असतात. दोन्ही बाजू पडण्यासारख्या नाहीत. बरग्यांवरून पाणी वाहत असेल तर वळसाच घ्या.

पिण्याच्या पाण्याचं काय?

नदीचं पाणी गाळूनही पिऊ नका. गावांचं सांडपाणी आणि कारखान्यांची मळी नदीत मिसळते. उकळल्याने जंतू मरतात, रसायनं जात नाहीत, आणि गाळणीलाही ती दाद देत नाहीत. बऱ्याच गावांत नाणं टाकून शुद्ध पाणी मिळणारं यंत्र असतं, नाहीतर हॉटेलात भरून घ्या. चार लिटर नेता येईल एवढ्या बाटल्या ठेवा, संध्याकाळी त्या सगळ्या भरलेल्या असू द्यात.

चूल की स्टोव्ह?

चूल नको, आजूबाजूला पाचट असतं. स्पिरिटचा छोटा स्टोव्ह पुरतो. वाऱ्याला आडोसा केला तर साधारण ३० मिली स्पिरिटमध्ये अर्धा लिटर पाणी उकळतं. ज्योत दिवसा दिसत नाही, म्हणून पेटता आहे असं धरूनच हात लावा. गॅस किंवा स्पिरिट घेऊन रेल्वेत चढता येत नाही, ते वाईत किंवा साताऱ्यात घ्या आणि परतीच्या आधी संपवा. खरं तर सकाळचा चहा-पोहे एवढ्यापुरताच स्टोव्ह लागतो. दुपारी वाटेत भाकरी मिळते आणि गुऱ्हाळ लागलं तर ताजा, कोमट गूळही.

सकाळी तंबू आतून ओला का होतो?

तंबू गळत नसतो. नदीकाठच्या गार, दमट हवेत तुमच्याच श्वासाची वाफ कापडावर जमते. गार हवा रात्री सखल भागात साचते, त्यामुळे वीस-तीस फूट उंचावर तंबू कोरडाही राहतो आणि ऊबदारही. दोन्ही झडपा उघड्या ठेवा. खालचं प्लॅस्टिक तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान कापा, बाहेर आलं तर त्यावरचं दव आत ओघळतं. सकाळी ओला तंबू गुंडाळावा लागलाच तर दुपारच्या जेवणाच्या वेळी अर्धा तास उन्हात पसरा.

साप, बिबट्या, कुत्री?

घोणस थंडीत सक्रिय असते, पाचटात आणि बांधाच्या दगडांत बसते. रात्री तंबूबाहेर पाऊल टाकताना बूट आणि बॅटरी, सकाळी बूट झटकून घालणं, एवढं पाळा. साप चावलाच तर आवळपट्टी बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय हलवू नका, १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालयात जा.

बिबट्या उसातच राहतो. अंधारात उसाच्या कडेला शौचाला बसू नका. बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर पेडल मारून पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, शांत चालत पुढे जा. चावलं किंवा ओरखडलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

बाईने एकटीने जावं का?

जाता येतं. फक्त मुक्काम वस्तीतच असावा, कुटुंब राहत असलेल्या घराच्या अंगणात किंवा देवस्थानाच्या भक्तनिवासात. घरातल्या ताईंशी किंवा आजींशी आधी बोला, नंतर पुरुषांशी. रोज ठरलेल्या वेळी, समजा संध्याकाळी सातला, घरी फोन आणि लोकेशन. आठपर्यंत फोन आला नाही तर घरच्यांनी कुणाला विचारायचं तेही आधी ठरवा. अडचणीत ११२. हे पुरुषांनाही तितकंच लागू आहे.

खिद्रापूरला पोचल्यावर परत कसं यायचं?

कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात सकाळी जा, वरच्या गोल उघड्या छतातून ऊन खाली फरशीवर उतरतं तेव्हा. दुपारी मिरजेकडे निघा. मिरज जंक्शनला सायकल पार्सलमध्ये बुक करता येते. छोट्या स्टेशनांवर गाडी दोनच मिनिटं थांबते, तिथे सायकल चढवायचा भरवसा धरू नका. पेडल काढून पिशवीत ठेवा, हँडल आडवं वळवा, डिरेलरला पुठ्ठा बांधा, नाव आणि पोचण्याचं स्टेशन दोन ठिकाणी मोठ्या अक्षरांत लिहा. गाडीच्या निदान दोन तास आधी पार्सल कार्यालयात पोचा. सायकल त्याच गाडीने जाईलच असं नसतं, म्हणून तंबू आणि किमती सामान स्वतःबरोबर ठेवा. एसटीने नेण्याचा विचार असेल तर आगारात आधी विचारा, अनेक नव्या गाड्यांना टपावर कॅरिअर नसतं.